नाकी आठ

पाचव्या आठवड्यात माझे विषय संपले.

मी यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहिते. 'उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये', 'झाकण नीट बसल्याची खात्री करावी', 'दुरुस्तीचा प्रयत्न स्वतः करू नये' ही माझी साहित्यसंपदा. अशा बाईला कुणी विनोदी सदर लिहायला सांगेल असं वाटायचं काही कारण नव्हतं. पण एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी पाच मिनिटं बोलले, माणसं हसली, आणि त्या हसणाऱ्यांत एका साप्ताहिकाचे संपादक बसले होते. "दर आठवड्याला सातशे शब्द. जमेल ना?" मी हो म्हणून बसले. हाताशी चार किस्से होते आणि ते जन्माला पुरतील असा माझा समज होता. चार किस्से चार आठवडे पुरले.

पाचव्या बुधवारी रात्री मी कोऱ्या कागदावर 'विनोदी विषय' असा मथळा लिहिला आणि खाली रेघ मारली. रेघ फार छान आली. मग लिहिलं: घोरणं. वजन. नवरा-बायको. विसराळूपणा. मोबाइल. यादी वाचताना मलाच जांभई आली. त्यातल्या प्रत्येक शब्दावर आधीच इतकी माणसं हसून गेली होती की आता तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. पण शुक्रवार डोक्यावर होता, म्हणून विसराळूपणा उचलला. एक विसराळू गृहस्थ काढले, त्यांना जरा चमत्कारिक आडनाव दिलं, त्यांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर चढवला आणि सातशे शब्द त्यांना तो शोधायला लावला. संपादकांचा फोन आला. "छापतोय," ते म्हणाले, "पण एक सांगू? हसवायचा प्रयत्न दिसतोय."

प्रयत्न दिसतोय म्हटल्यावर मी तो वाढवला. दहा माणसांची रांग असेल तिथे शंभरांची केली. आडनावं आणखी चमत्कारिक केली. एका लेखात एकतीस उद्गारचिन्हं होती. मुद्रितशोधकांनी त्यातलं एकही काढलं नाही, बहुधा शिक्षा म्हणून. 'आज काही विषयच सुचत नाही' या विषयावरचा लेख प्रत्येक सदरलेखकाला जन्मात एकदा माफ असतो म्हणतात. तो मी सहाव्याच आठवड्यात वापरून टाकला.

घरच्यांनी मदत करायची ठरवली तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली. भाचा माझ्यासमोर मुद्दाम खुर्चीवरून पडू लागला. ओळखीपाळखीचे लोक "थांबा, तुम्हाला एक विषय देतो" म्हणून वाटेत अडवू लागले. मी मोठ्या आशेनं ऐकायचे. आजवर असा दिलेला एकही विषय माझ्या कामी आलेला नाही. सांगणारा त्या गोष्टीवर आधीच दहा वेळा हसलेला असतो. त्यानं तिच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात, शेवट ठोकून बसवलेला असतो, मला आत शिरायला फटच ठेवलेली नसते. "हे लिहू नकोस हं" असं बजावून जे सांगितलं जातं त्याची जातच निराळी. सांगणाऱ्याला ते हसण्यासारखं मुळीच वाटत नसतं. तो थोडा दुखावलेला असतो, आवाज खाली आलेला असतो, आणि आपलंच कसं बरोबर होतं हे त्याला पटवून द्यायचं असतं. हा फरक तेव्हा मला नुसता जाणवला. त्याचं काय करायचं ते बरंच उशिरा कळलं.

वापरपुस्तिका लिहिणारी बाई अडली की काय करणार? पुस्तिका शोधणार. हसण्यावर इतक्या गंभीर माणसांनी इतकं लिहून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९० साली म्हणून गेला की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येतं. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ १९०० साली म्हणाला की जित्याजागत्या माणसात यंत्राचा ताठरपणा आला की तो हास्यास्पद होतो. (हे वाचून मी दचकले. यंत्रांशी माझा रोजचा संबंध.) लेखक आर्थर कोस्लरनं १९६४ साली मांडलं की एरवी एकमेकींच्या वाटेला न जाणाऱ्या दोन विचारचौकटी एकाच गोष्टीवर येऊन आदळतात तेव्हा विनोद होतो, त्या आदळण्याला त्यानं 'बायसोसिएशन' असं नाव दिलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी शतकं आधी नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या सांगून झाल्या होत्या: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्या दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, मधल्या दोन मध्यमांना आणि शेवटच्या दोन अधमांना. निरोप समारंभात मी मिळवलं होतं ते फार तर विहसित. त्याच ग्रंथात वेशभूषेच्या ओघात आणखी एक गोष्ट येते. अलंकार भलत्या जागी घातला तर शोभा येत नाही. कमरेची मेखला छातीवर बांधली तर हसूच होतं. हे मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं. मेखलेत हसण्यासारखं काही नसतं आणि छातीतही नसतं, एवढं त्यातून कळलं.

याचा उपयोग लगेच झाला असं मात्र नाही. सिद्धांत वाचून काही सुचत नाही. सुचलेलं का चाललं किंवा का पडलं, एवढं मागाहून कळतं. कांट वाचून मी दोन दिवस अपेक्षा ताणत बसले आणि हाती शून्यच आलं.

एका गोष्टीनं मात्र मला खुर्चीवरून उठवलं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक जागी लोकांच्या गप्पा गुपचूप ऐकून १,२०० हसण्यांची नोंद केली. त्यात विनोद म्हणता येईल अशा वाक्यामागून आलेलं हसू २० टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी सगळं "चला, निघते आता" असल्या वाक्यांच्या मागून आलेलं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. म्हणजे लोक जिथे हसतात तिथे विनोद सापडेलच असं नाही. मग तो असतो कुठे? निदान माझ्या टेबलावर नव्हता, हे नक्की. मी खिशात मावेल अशी वही घेतली आणि बाहेर पडले.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी अशा: 'लिफ्टमध्ये गंमत.' 'बँकेतले गृहस्थ!!' 'काकांचं ते.' शनिवारी वही उघडली तर लिफ्टमधली गंमत कुठली, गृहस्थांनी काय केलं आणि काकांचं ते म्हणजे नेमकं कुठलं ते, काही केल्या आठवेना. गंमत लिहून ठेवता येत नाही; शब्द लिहून ठेवावे लागतात. तेव्हापासून नियम केला. कोण, कुठे, आणि तोंडून निघालेलं वाक्य जसंच्या तसं. माझं मत लिहायचं नाही, उद्गारचिन्ह तर नाहीच. मग वही हळूहळू अशी दिसू लागली:

फोनवर पत्ता सांगणारा माणूस मोकळ्या हातानं हवेत वळणं काढून दाखवत होता.

लिफ्टचं बटण उजळलेलं होतं. येणारा प्रत्येक जण ते पुन्हा दाबत होता. चौथ्यानं दोनदा दाबलं आणि बाकीच्यांकडे असं पाहिलं की, बघा, हे असं दाबायचं असतं.

काचेच्या दारावर 'ढकला' लिहिलेलं. बाईंनी तीनदा ओढलं. मग आपल्या मुलीला म्हणाल्या, "आज बंद आहे."

"मी फार वेळ घेणार नाही." वक्त्यानं हे चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा सदतिसाव्या मिनिटाला.

खुर्चीला पाय लागला म्हणून एक जण खुर्चीला "सॉरी" म्हणाला, मग कुणी पाहिलं का ते बघितलं, आणि पाहिलेलं दिसल्यावर खुर्ची नीट लावून तिच्या पाठीवर हात फिरवला.

भिंतीवरची पाटी: 'कृपया या पाटीला टेकू नये.' पाटीवर दुसरं काहीही लिहिलेलं नव्हतं.

ही शेवटची नोंद झाल्यावर मी माझ्याच पुस्तिकांकडे नव्यानं पाहू लागले. पुस्तिकेतली बरीचशी बंदी ही कुणीतरी ती गोष्ट करून बसल्याची आठवण असते. 'हे उपकरण डोक्यावर घालू नये' ही ओळ घालायला मला एकदा सांगण्यात आलं होतं. मी कारण विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग "घाला तेवढी" एवढंच उत्तर आलं. ती ओळ मी तेव्हा मुकाट्यानं घातली होती. आता तिच्यामागचा माणूस मला दिसू लागला. त्याच्याकडे स्वतःची म्हणून काही बाजू असणार, आणि ती ऐकण्यासारखी असणार. त्याच्यावर लिहिलेला लेख हा मला 'जमला' वाटलेला पहिला लेख.

नोंदी वाढल्या तशी त्या लावायची हौस आली. त्याला कारण एक कपाट. फिलिस डिलर या अमेरिकी विनोदी कलावतीनं आपले विनोद एकेका कार्डावर टंकून विषयवार लावून ठेवले होते. अशी ५०,०००हून जास्त कार्डं एका मोठ्या पोलादी कपाटाच्या खणांमध्ये. ते कपाट आता स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. कपाटाचा विचार करून मला इतका हुरूप आला की मी तीन रविवार खर्चून माझ्या नोंदी कार्डांवर उतरवल्या आणि विषयवार लावल्या: प्रवास, कार्यालय, आजार, नातेवाईक. पत्ते लावल्यासारखी मांडामांड झाली आणि त्यातून काहीही निघालं नाही. 'प्रवास' या गठ्ठ्यातल्या चाळीस कार्डांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही नव्हतं. डिलरबाईंच्या कपाटात तयार विनोद होते. माझ्याकडे कच्चा माल होता, आणि तो विषयानुसार लावणं म्हणजे लाकडं झाडांच्या नावांनुसार रचून टेबल तयार व्हायची वाट बघणं.

वैतागून मी उलटा हिशोब केला. ज्या कार्डांचे लेख झाले आणि ते लोकांना खरोखर आवडले, एवढीच वेगळी काढली. अकरा निघाली. ती शेजारी शेजारी मांडून बघत बसले. बटण दाबणारा चौथा माणूस. पाटी लावणारा. डोक्यावर यंत्र घालणारा. अकराही कार्डांवर कुणीतरी एका फुटकळ गोष्टीबद्दल मनापासून गंभीर होता. आणि ज्यात कुणीतरी गंमत करत होतं, चेष्टा करत होतं, मजेत होतं, अशी साठसत्तर कार्डं दुसऱ्या गठ्ठ्यात तशीच पडून होती. त्यातल्या एकाचाही लेख झाला नव्हता. मला "हे लिहू नकोस हं" आठवलं. इतके महिने मी माणसं कुठे हसतात ते बघत होते. बघायला हवं होतं ती कुठे अजिबात हसत नाहीत ते. मेखला छातीवर तर हवीच, पण बांधणाऱ्याला ती तिथेच शोभते अशी खात्री हवी, आणि ती पडू नये म्हणून त्यानं एक हात तिच्यावर ठेवलेला हवा.

मग गठ्ठे मोडले आणि प्रत्येक कार्डाच्या वर एकच ओळ लिहिली: कोण कशाबद्दल गंभीर आहे. जिथे ही ओळ लिहिता येईना ते कार्ड बाद. निम्म्याहून जास्त गेली.

एक चूक इथेच सांगून टाकते. आमच्याकडे एक गृहस्थ आपल्या स्टेपलरबद्दल फार गंभीर होते. तो कुणी नेला, कधी नेला, परत आला तेव्हा त्यात किती पिना होत्या. माझ्या नव्या सूत्रात ते इतके चपखल बसत होते की मी दुसरा विचार केला नाही. नाव बदललं, बाकी सगळं ठेवलं. लेख गाजला. त्यांनीही वाचला. "छान लिहिलंय," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलाकडे येताना दिसले की स्टेपलर खणात जाऊ लागला. त्यांनी मला पुढे कधी काही बोलून दाखवलं नाही. खणाचा आवाज पुरेसा होता. आता मी लिहिण्याआधी त्या माणसाच्या जागी स्वतःला घालून बघते. स्टेपलर माझा असता तर? तरीही लेख चालत असेल तर लिहिते. नसेल चालत, तर हसू त्या गोष्टीचं नव्हतंच, त्या माणसाचं होतं.

आता नाकाकडे येते.

आत्याला गुडघ्यासाठी दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टर तरुण होते आणि समोरच्या संगणकावर एकेक रकाना भरत होते. त्यांनी विचारलं, "काय त्रास होतोय, आजी?" आत्या म्हणाली, "काय सांगू डॉक्टर, नाकी नऊ आलेत नुसते." टाइप करता करता डॉक्टर म्हणाले, "किती दिवसांपासून?" आत्या म्हणाली, "झाले असतील चार महिने." तेही टाइप झालं. कुणी हसलं नाही. मीही नाही, तिचा गुडघा खरंच ठणकत होता. बाहेर आल्यावर वहीत चार वाक्यं उतरवली.

ती नोंद नऊ आठवडे पडून राहिली. (नऊ हा आकडा मी जुळवलेला नाही, वहीत तारखा आहेत.) मध्ये दोनदा लिहायला घेतली. 'दवाखान्यातल्या गमतीजमती' असं काहीतरी होत गेलं आणि फाडून टाकलं. किस्सा चार वाक्यांचा होता आणि चार वाक्यांत संपत होता. पुढे ओढला की तुटत होता.

मग एका दुपारी कार्यालयात मी नेहमीचा तक्ता भरत होते. समस्या, संभाव्य कारण, उपाय. 'समस्या: यंत्र सुरू होत नाही. संभाव्य कारण: वीजपुरवठा खंडित. उपाय: जोडणी तपासावी.' 'समस्या: यंत्रातून आवाज येतो.' चौथ्या ओळीला आत्या आली. 'समस्या: नाकी नऊ आले,' मी लिहिलं. संभाव्य कारणाचा रकाना सोडून दिला. उपायाच्या रकान्यात हात आपोआप गेला: 'प्रथम मोजून पाहावेत. आठ असल्यास घाबरण्याचे कारण नाही.' शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, काय झालं म्हणून. मी एकटीच हसत होते. कोस्लरच्या दोन चौकटी माझ्या डोळ्यांदेखत आदळल्या होत्या आणि त्या क्षणी मला त्याचं नावही आठवलं नव्हतं.

संध्याकाळी यादी केली. फक्त शरीराचे वाक्प्रचार. पोटात गोळा येणं. हातपाय गळणं. तोंडचं पाणी पळणं. काळजाला घरं पडणं. जीव मुठीत धरणं. अंगावर काटा येणं. कान किटणं. मनावर दगड ठेवणं. पायाखालची वाळू सरकणं. तासाभरात सत्तरएक झाले. मराठी माणूस धडधाकट अवस्थेत, साधं बोलता बोलता, केवढे भीषण अपघात सांगत असतो हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

पण सत्तर वाक्प्रचार म्हणजे लेख नव्हे. पहिल्या खर्ड्यात माझे डॉक्टर मिश्कील होते. रुग्ण येई, वाक्प्रचार टाके, डॉक्टर चुरचुरीत उत्तर देत. तिसऱ्या रुग्णापाशी लेख मेला. दुसऱ्या खर्ड्यात डॉक्टर साधे केले, पण रुग्ण मुद्दाम त्यांची फिरकी घेत होते. हा दुसऱ्याच रुग्णापाशी मेला. दोन्हीकडे दुखणं तेच: खोलीत कुणालातरी माहीत होतं की इथे विनोद चाललाय. तिसऱ्यांदा लिहिताना सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं. डॉक्टर नवे, कष्टाळू. रकाना रिकामा राहिला तर संगणक पुढे सरकत नाही ही त्यांची अडचण. रुग्ण मनापासून त्रासलेले. मग लेख माझ्या पुढे पुढे चालू लागला.

"डॉक्टर, अंगावर काटा आला हो." "कोणत्या झाडाचा?" आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. हातपाय गळालेल्या गृहस्थांना ते विचारतात, "घरी सगळीकडे नीट शोधलंत ना?" काळजाला घरं पडलेल्या बाईंच्या बाबतीत 'किती' आणि 'भाडेकरू आहेत का' हे दोन रकाने भरायचे असतात. एक जण जीव मुठीत धरून आलेला असतो. रक्तदाब मोजायचा तर मूठ सैल सोडायला सांगावी की नाही, हे विचारायला डॉक्टर आत जाऊन वरिष्ठांना फोन लावतात आणि जाताना त्याला बजावून जातात, "मी येईपर्यंत उघडू नका." आणि नाकाच्या बाई. डॉक्टर टॉर्च लावून शांतपणे मोजतात. "सहा… सात… आठ. आठच आहेत. नववा आला की लगेच या, वेळ नाही घेतलीत तरी चालेल."

नाकाची बाई सगळ्यात जमलेली होती, म्हणून मी तिला पहिली ठेवली होती. चुकलं होतं. इथे खेळाचा नियम काय आहे हे कळायच्या आतच ती निघून जात होती. काटेवाल्याला पुढे आणलं, तिला मध्ये सरकवलं आणि लेख एकदम ताठ उभा राहिला. काटछाटही तेव्हाच केली. कान किटलेले गृहस्थ गेले, कारण ते नुसती शब्दाची कोटी होते, त्यांना स्वतःची अशी काळजी नव्हती. डोक्यावर मुलगा बसलेल्या आईला काढताना जीवावर आलं, पण डॉक्टर काय म्हणणार हे वाचकाला डॉक्टरांच्या आधी कळत होतं. पायाखालच्या वाळूसाठी डॉक्टर स्थापत्य अभियंत्याला चिठ्ठी देतात हे मला अजूनही आवडतं. सातशे शब्दांत बसलं नाही.

शेवट सुचत नव्हता. आणखी मोठा, आणखी अचाट वाक्प्रचार हवा असं वाटून यादी वरखाली चाळत होते. तेवढ्यात एक शांत गृहस्थ आत आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. "विशेष काही नाही," ते म्हणाले, "सगळं पोटात ठेवलंय." डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" "बावीस वर्षं झाली." डॉक्टरांनी कळफलकावरचे हात उचलले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. त्यानंतर मी दोन विनोद लिहिले होते. दोन्ही काढले.

छापायला देण्याआधी मी प्रत्येक लेख मोठ्यानं वाचते. जिथे माझीच जीभ घाई करू लागते ती जागा कच्ची असते. या वेळी भाच्याला समोर बसवला. तो बारा वर्षांचा आहे आणि शिष्टाचार म्हणून हसत नाही, त्यामुळे उपयोगी पडतो. काटेवाल्याला हसला. मुठीतल्या जिवाला फार हसला. नाकाच्या बाईंपाशी मी थांबून त्याच्याकडे पाहिलं. तो विचारात पडला होता.

"मावशी, पण नऊ काय?"

"काय म्हणजे?"

"नाकी नऊ येतात म्हणजे नऊ काय येतात?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतकी वर्षं मी ते बोलत आले, महिनाभर त्यावर घाम गाळला, डॉक्टरांना टॉर्च घेऊन मोजायला लावलं, आणि ते मोजतायत काय हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी आत्याकडे वळले. ती मान वर न करता म्हणाली, "नऊ म्हणजे नऊ. उगाच दहा कसे येतील?" तिला या बाबतीत यत्किंचितही शंका नव्हती. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याचाही पुढे लेख झाला, पण तो निराळा.

दवाखाना छापून आला आणि आठवड्यानं साप्ताहिकाच्या पत्त्यावर मला एक पत्र आलं. सुवाच्य अक्षर, डाव्या बाजूला समास सोडलेला. लेख वाचला, असं लिहून पत्रलेखकानं एक त्रुटी निदर्शनास आणून दिली होती. नाकाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी स्वतः तपासून परत पाठवणं योग्य नव्हे. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायला हवी. लेखात तसा उल्लेख नसल्यामुळे वाचकांचा गैरसमज होऊ शकतो, तरी पुढील अंकात खुलासा करावा. पत्र मी तीनदा वाचलं. कुठेतरी डोळा मारला असेल म्हणून शोधलं. कुठेच मारला नव्हता. सहीच्या खाली ताजा कलम होता: 'आठच आले असले तरी दुर्लक्ष करू नये.'

मी वही काढली.